गिलाव्याचा हिशेब

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले आहेत. मला काही नवे घर बांधावयाचे नव्हते. खानापूर तालुक्यातील आमच्या गावी वडिलांनी बांधलेले चिऱ्यांचे कौलारू घर आहे. त्याच्या मागील अंगास एक खोली तेवढी वाढवावयाची होती. ह्या एका खोलीने मला जे शिकविले, ते तीस वर्षांच्या मास्तरकीत मला शिकावयास मिळाले नव्हते. म्हणून तो प्रसंग वाचकांपुढे ठेवीत आहे. त्यात माझी बाजू सर्वस्वी उजळ आहे असे नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यावयाची होती. जुन्या घरात धूर, ओल आणि माणसांची ये-जा. बाळ-बाळंतिणीस एक स्वतंत्र, कोरडी खोली असावी, असे माझ्या पत्नीच्या मनाने घेतले. तिने महिला बचत गटातून कर्ज उचलले, माझ्या निवृत्तिवेतनातील शिल्लक त्यात घातली, आणि २०२३ सालच्या मार्च महिन्यात सोळा फूट लांब, बारा फूट रुंद अशी खोली उभी राहिली. भिंती चिऱ्यांच्या, वर काँक्रीटचा स्लॅब. राहता राहिला गिलावा. एप्रिलच्या अखेरीस बाळंतपण अपेक्षित होते. हातात दिवस थोडे आणि पैसे त्याहून थोडे!

बांधकाम करणारा गवंडी दुसरीकडे कामास लागला होता. म्हणून जवळच्याच वाडीवरील एका मेस्त्रीस मी बोलाविले. त्याने खोली पाहिली, स्लॅबच्या खालच्या बाजूकडे दोनदा मान वर करून पाहिले आणि म्हणाला, "मास्तर, सिमेंट-वाळू तुमची, मजुरी माझी. चौरस फुटाला पस्तीस रुपये पडतील."

बाजारात भाजी घेताना जो स्वभाव असतो, तोच मी येथे दाखविला. तेवीसपासून सुरुवात केली. एका बाजूने मी चढत गेलो, दुसऱ्या बाजूने तो उतरत गेला, आणि शेवटी अठ्ठावीसवर सौदा तुटला. "भिंतीवर पाणी मारायचं काम मात्र घरच्या माणसांचं," एवढेच तो जाताना बोलला. मी मान डोलाविली. कागदावर एक अक्षर लिहिले नाही. दहा हजार रुपये उचल दिली. त्या रात्री चौरस फुटामागे सात रुपये वाचविल्याच्या आनंदात मी सुखाने झोपलो.

काम सुरू झाले. मेस्त्री, त्याचा एक जोडीदार आणि माल कालवून देणारी एक बिगारी बाई, अशी तीन माणसे. ती बाई आमच्याच गावच्या खालच्या आळीतील. तिच्या मुलास मी चौथीत शिकविले होते. पहिले दोन दिवस मी खुर्ची टाकून बसलो. पुढे उन्हाचा आणि धुळीचा कंटाळा आला. मधल्या वेळी मेस्त्रीने आणखी बारा हजार मागितले, ते मी दिले. आठव्या दिवशी काम पुरे झाले. खोली कशी गुळगुळीत, राखी रंगाची, रेशमासारखी दिसत होती! पत्नीने हात फिरवून पाहिला आणि समाधानाने म्हणाली, "चला, बाळाच्या आधी खोली तयार झाली."

दुसऱ्याच दिवशी गोव्यास नात्यातील एक लग्न होते. घरास कुलूप लावून आम्ही सर्वजण गेलो आणि चौथ्या दिवशी परतलो. एप्रिलचे कडक ऊन त्या कोवळ्या गिलाव्यावर तीन दिवस तळपत राहिले. पाणी मारणारे कोणी नव्हते. ह्या गोष्टीचा मला तेव्हा पूर्ण विसर पडला होता. पुढे ती आठवावयास मोठे कष्ट पडले, कारण ती आठवू नये अशीच माझी इच्छा होती.

परत आलो तो मेस्त्री हिशेब घेऊन दारात उभा. बाराशे तीस चौरस फूट, दर अठ्ठावीस, एकूण चौतीस हजार चारशे चाळीस रुपये. आकडा ऐकून मी चमकलो. शाळेचा फीत-टेप आणून मी स्वतः मापे घेतली. आतील चार भिंतींची बेरीज छप्पन्न फूट, उंची दहा, म्हणजे ५६० चौरस फूट. बाहेरच्या तीन बाजू मिळून त्रेचाळीस फूट, म्हणजे ४३०. स्लॅबखालचे छत १९२. एकूण ११८२. परंतु ह्यात दोन दारे व दोन खिडक्या भिंत म्हणूनच धरल्या होत्या. शिवाय त्यांच्या चौकटींभोवतीच्या कडा वेगळ्या मोजून मेस्त्रीने आणखी अठ्ठेचाळीस फूट वर चढविले होते. जेथे भिंतच नाही, तेथील गिलाव्याचे पैसे कसले? मी म्हणालो, "हिशेब नीट करा, मग या." तो तणतणत निघून गेला.

बाळंतपण सुखरूप झाले. मुलगी झाली. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी आली. स्लॅबमध्ये आधीच सोडलेल्या कडीस पाळणा टांगला. त्यानंतर आठ दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, बाळास न्हाऊ घालण्यासाठी पत्नीने पाळण्यातून उचलून नेले, आणि काही क्षणांतच आतल्या खोलीत धाडकन आवाज झाला. धावत जाऊन पाहतो तो छताच्या गिलाव्याचा परातीएवढा तुकडा पाळण्यावर कोसळलेला! दुपटे खडीने भरले होते आणि पाळण्याची एक काठी मोडली होती. तुकडे गोळा करून मी तागडीत घातले. तीन किलोंहून अधिक वजन भरले.

मुलगी भिंतीस टेकून रडू लागली. पत्नी एक शब्दही बोलली नाही. तिचे ते न बोलणे मला अधिक लागले. माझा संताप अनावर झाला. तसाच वाडीवर गेलो आणि चार माणसांदेखत मेस्त्रीस नाही नाही ते बोललो. "उरलेला एक पैसाही देणार नाही. काय करायचं ते कर!" असे सांगून परतलो. नेहमी 'अहो मेस्त्री' म्हणणारा मी त्या दिवशी 'अरे-तुरे'वर आलो होतो.

बेळगावास नोकरीस असलेला माझा मुलगा रविवारी घरी आला. त्याने २०१९ सालच्या ग्राहक संरक्षण कायद्याची आठवण दिली. पैसे घेऊन केलेल्या कामात उणीव राहिली, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, असे त्याने समजावून सांगितले. मग विचारले, "बाबा, करार कुठं आहे? पावत्या कुठं आहेत?" माझ्यापाशी ह्यातले काहीच नव्हते. आयुष्यभर मुलांकडून शुद्धलेखन लिहवून घेणाऱ्या मास्तराने स्वतःच्या घराच्या कामाची एक चिठ्ठीही लिहून घेतली नव्हती.

त्याच संध्याकाळी ती बिगारी बाई परसदारी येऊन उभी राहिली. आत येईना. पत्नीने पाणी दिले. बराच वेळ पदराशी चाळा करीत ती म्हणाली, "मास्तर, मेस्त्री म्हणतात, तुम्ही पैसे दिले नाहीत म्हणून माझी सात दिवसांची मजुरी देता येत नाही. रोज चारशे ठरले होते. एका दिवसाचे तेवढे मिळाले. पोराच्या शाळेचं आता सुरू होईल."

वाचकहो, त्या क्षणी मला जमिनीने पोटात घ्यावे असे झाले. मजुराची मजुरी अडकवून ठेवणे हे स्वर्गाकडे धाव घेणारे पाप होय, हे लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी घोकले होते, आणि पुढे मुलांकडूनही घोकून घेतले होते. मेस्त्रीवर राग काढावयास गेलो, तो ह्या बाईच्या चुलीवर काढून बसलो! तिने तर सांगितले तेवढा माल कालविला होता आणि घमेली वाहिली होती. छत पडण्यात तिचा दोष तो कोणता?

मी तिला दोन दिवसांची मुदत मागितली आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या एका वृद्ध गवंड्याकडे गेलो. सर्वजण त्यांना अण्णा म्हणतात. वय ऐंशीच्या घरात. आता थापी हाती धरीत नाहीत, परंतु त्यांच्या शब्दास मान आहे. "दोघांनाही समोर बसवा, तरच येईन," एवढीच अट त्यांनी घातली. ती मान्य करणे मला जड गेले, पण केली.

ठरल्या दिवशी अण्णा आले, मेस्त्रीही आला. अण्णांनी कोणास काही न विचारता एक बांबूची काठी घेतली आणि भिंत हळूहळू ठोकीत खोलीभर फिरले. जेथे गिलावा भिंतीस धरून असतो, तेथे आवाज भरीव येतो. जेथे सुटलेला असतो, तेथे रिकाम्या मडक्यासारखा. आतल्या भिंती भरीव निघाल्या. छताचा मात्र जवळजवळ निम्मा भाग पोकळ वाजला. मग त्यांनी पडलेल्या तुकड्याची पाठ आम्हांस दाखविली. ती आरशासारखी सपाट व किंचित तेलकट होती.

"स्लॅब ओतताना सेंट्रिंगला तेल लावतात," अण्णा म्हणाले. "ते काँक्रीटला लागतं. ते घासून काढायचं, छिन्नीनं जवळजवळ टोचे मारायचे, पाण्यानं भिजवायचं, सिमेंटचं पातळ पाणी फासायचं, आणि मग पातळसा हात द्यायचा. छताला पाव इंच गिलावा पुरे. इथं एक इंच आहे, तोही एका दमात चढवलेला. आपल्याच वजनानं तो खाली येणार नाही तर काय?"

मेस्त्रीने मान खाली घातली. स्लॅब वरखाली होता, तो सारखा दिसावा म्हणून जाड थर दिला, असे त्याने कबूल केले. टोचे मारले का, ह्या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वी तो थोडा थांबला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "नाही मारले. टोचे मारायला दीड दिवस जातो, मास्तर. अठ्ठावीस रुपयांत तो दीड दिवस बसत नव्हता. पहिल्या दिवशी मी पस्तीस म्हणालो होतो, ते हा स्लॅब बघूनच म्हणालो होतो."

मी काही बोललो नाही. परंतु अण्णा बोलले, आणि त्यालाच बोलले : "परवडत नव्हतं तर काम सोडायचं होतं. कमी पैशांत कमी काम करून ते झाकून ठेवायचं, हा धंदा नव्हे. खाली पाळणा होता."

नंतर आम्ही बाहेर गेलो. पश्चिमेच्या भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पसरल्या होत्या. मी त्या मोठ्या तोऱ्याने दाखविल्या. अण्णांनी विचारले, "पाणी किती दिवस मारलं?" मी गप्प. तेव्हा पत्नी दारातूनच म्हणाली, "तीन दिवस आम्ही गोव्याला होतो."

अण्णांनी समजावून सांगितले ते असे. पूर्वीच्या चुन्याच्या गिलाव्याची रीत वेगळी होती. घाणीत चुना मळावयाचा, आणि तो भिंतीवर सावकाश, महिनोन् महिने घट्ट होत जावयाचा. सिमेंटचे तसे नाही. पाणी घातल्यावर अर्ध्या-एक तासाच्या आसपास ते धरू लागते, म्हणून जेवणाच्या सुटीत पडून राहिलेला माल पुन्हा पाणी शिंपडून वापरणे म्हणजे माती लिंपणे होय. आणि एकदा भिंतीवर चढल्यावर निदान सात दिवस त्यास ओलावा हवा. सिमेंट नुसते वाळून कठीण होत नाही. पाणी त्यात मुरते, म्हणून ते कठीण होते. ऊन लागून पाणी उडून गेले की गिलावा आकसतो आणि तडकतो. "ह्या भेगांत निम्मा वाटा मेस्त्रीचा," अण्णा म्हणाले, "कारण वरून कोरडं सिमेंट भुरभुरून त्यानं घोटाई केली. तुम्ही ज्याला रेशीम म्हणता, ते हेच. निम्मा वाटा मात्र तुमचा, मास्तर." खिडकीच्या वर, जेथे काँक्रीटचा पट्टा आणि चिऱ्याची भिंत एकमेकांस मिळतात, तेथे एक सरळ भेग होती. दोन्ही वस्तू उन्हात सारख्या फुगत नाहीत. म्हणून त्या सांध्यावर तारेची जाळी ठोकून मग गिलावा करावयाचा असतो. जाळी कोणी आणावयाची हे ठरलेच नव्हते, म्हणून ती कोणीच आणली नव्हती.

राहिले माप. तेथेही मी समजत होतो तेवढा सगळा खरा नव्हतो. दारे-खिडक्या मी दोन्ही अंगांनी वजा करून बसलो होतो. अण्णा म्हणाले की, नेहमीच्या आकाराच्या दारा-खिडकीस एकाच अंगाची वजावट करावयाची. दुसऱ्या अंगाची करावयाची नाही, कारण तिच्या मोबदल्यात गवंडी चौकटीभोवतीच्या कडा करून देतो. अगदी लहान झरोक्यास वजावट मुळीच नाही. सरकारी बांधकामातही तीन चौरस मीटरपर्यंतच्या उघाडीस हीच रीत आहे, हे मुलाने पुढे पाहून सांगितले. अर्थात मेस्त्रीने वजावट न करता कडाही मोजल्या, तो दुहेरी लाभ; आणि मी दोन्हीकडून वजावट केली, तो माझा लोभ. एका अंगाचे ६६ चौरस फूट वजा जाता ११८२ चे १११६ राहिले. अठ्ठावीसच्या दराने एकतीस हजार दोनशे अठ्ठेचाळीस रुपये झाले. बावीस हजार दिले होते. बाकी नऊ हजार दोनशे अठ्ठेचाळीस.

त्या दिवशी माझ्या घरच्या वहीवर प्रथमच सर्व लिहिले गेले. छत पूर्ण उतरवून मेस्त्रीने विनामजुरी पुन्हा करावे. त्यासाठी लागणाऱ्या दोन पोती सिमेंटचे आठशे रुपये त्याच्या रकमेतून कापावेत. वाळू माझी उरली होतीच. बाकीतून बिगारी बाईचे दोन हजार आठशे आधी द्यावेत, आणि ते थेट तिच्या हातात. पाच हजार सहाशे अठ्ठेचाळीस रुपये छत पुरे होऊन सात दिवस पाणी मारून झाल्यावर, काठी लावून पाहून, मेस्त्रीस द्यावेत. पश्चिमेच्या भिंतीचा बिघडलेला चाळीस चौरस फुटांचा भाग व खिडकीवरचा सांधा जाळी घालून पुन्हा करावा. जाळी आणि माल माझा. त्या भागाची मजुरी काय द्यावी, असा प्रश्न निघाला. तेव्हा मी स्वतःहून पस्तीसचा दर सांगितला. मेस्त्रीने माझ्याकडे चमकून पाहिले. दोघांनी वहीवर सह्या केल्या.

बाईचे पैसे मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी नेऊन दिले. तिने नोटा दोनदा मोजल्या आणि म्हणाली, "मास्तर, छत पडलं हे ऐकून मला झोप नव्हती. माल मीच कालवला होता ना." मजुरी बुडण्याच्या भीतीपेक्षाही ही टोचणी तिला अधिक होती. मला आणि मेस्त्रीला ती व्हावयास पंचायत बोलवावी लागली!

छताचे काम पुन्हा झाले, तेव्हा मी खुर्ची टाकून बसलो नाही. सकाळ-दुपार प्रत्येक टप्प्यास उभा राहिलो. टोचे मारून झाल्यावर मेस्त्रीनेच हाक मारली, "मास्तर, बघून घ्या, मग झाकतो." पाऊस सुरू होण्यापूर्वी सगळे आटोपले. पाणी मात्र मी स्वतः मारले, सात दिवस, दिवसातून तीनदा.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी उन्हाळ्यात अशी कामे निघतात. म्हणून चार गोष्टी सांगून टाकतो. गवंडी ठरविताना त्याचे वर्ष-दोन वर्षांपूर्वीचे एखादे काम पाहून यावे. नवा गिलावा सर्वांचाच सुंदर दिसतो, पावसाळा पाहिलेला गिलावा खरे बोलतो. दर ठरविताना केवळ आकडा ठरवू नये. त्या आकड्यात टोचे, जाळी, कडा, परांची आणि पाणी कोणाकडे, हे एकेक करून बोलावे आणि वहीत लिहावे. मोजमापाची रीत काम सुरू होण्याआधी ठरवावी, आणि माप दोघांनी मिळून घ्यावे. माल घमेल्याच्या अंदाजाने कालवू देऊ नये. पन्नास किलोंचे सिमेंटचे पोते सुमारे पस्तीस लिटर भरते. तेवढ्या मापाची लाकडी पेटी करून घ्यावी आणि वाळू तिने मोजावी. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, शेवटचा हप्ता पाणी मारून झाल्यावर द्यावा. परंतु ठरलेला हप्ता ठरल्या दिवशी द्यावा, आणि खालच्या मजुरांचे पैसे पोचले की नाही, हे विचारावे. आणि गवंड्याने पहिल्यांदा सांगितलेला दर ऐकून घासाघीस करण्यापूर्वी एकदा तरी पुसावे, "इतके का?" मी तेवढे विचारले असते, तर वरखाली स्लॅबची गोष्ट त्याच दिवशी कळली असती.

नात वर्षाची झाली, तेव्हा मेस्त्रीस व त्या बाईस आम्ही जेवावयास बोलाविले. मेस्त्री खोलीत आला, चटईवर बसण्यापूर्वी त्याने मान वर करून छताकडे पाहिले, कोपऱ्यात उभी असलेली बांबूची काठी उचलली आणि चार ठिकाणी ठोकून पाहिली. मग काठी जागेवर ठेवून तो माझ्या शेजारी जेवावयास बसला.